दस्तगीरचे सहा सेन्सर

तिसराही गळका निघाला तेव्हा मी तो मुठीत धरला आणि तसाच दस्तगीरच्या दुकानाकडं निघालो. हात धुतले नाहीत, शटर ओढलं नाही. पायात एकच चप्पल आहे हे आनंदा पोवारच्या गॅरेजसमोर आल्यावर कळलं. आनंदानं गाडीखालनं डोकं बाहेर काढलं.

"काय विलासराव, कुणाचा मर्डर?"

"चल टपरीवर. बघायला मिळंल."

सकाळचे अकरा म्हणजे दस्तगीर दुकानात नसणार, रघूच्या टपरीवर असणार. कोल्हापुरात उद्यमनगरातली निम्मी माणसं अकराला रघूकडं असतात आणि उरलेली निम्मी तिकडं यायला निघालेली असतात. दस्तगीर शिकलगार बाकड्याच्या टोकाला बसून बशीतनं चहा पीत होता. माझ्याच वयाचा, म्हणजे तेव्हा पन्नाशीचा. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकायचा. त्याचे वडील सायकलवर सहाण घेऊन दारोदार सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरायचे. यानं 'शिकलगार ऑटो पार्ट्स' असा स्वतःचा बोर्ड लावला. त्या बोर्डाचा त्याला भारी अभिमान. दर दिवाळीला स्वतः शिडीवर चढून रंगवायचा.

मी सेन्सर त्याच्यासमोर आदळला. रघूच्या दोन ग्लासांचा चहा सांडला.

"हा घे तुझा तिसरा. हा पण गळतोय."

दस्तगीरनं आधी बशी रिकामी केली, मग मिशा पुसल्या. माझं रक्त उकळत होतं आणि हा मिशा पुसत होता.

"गळत न्हाई," तो म्हणाला. "मी तपासून दिलाय."

"कशानं तपासलास?"

"जिभेनं."

अख्खी टपरी हसली. दस्तगीर शांतपणे सांगायला लागला, "ही बारकी नळी हाय न्हवं, ती तोंडात धरायची. वारं ओढून घ्यायचं आन् भोकावर जीभ लावायची. जीभ चिकटून ऱ्हायली तर आतला पडदा चांगला. सुटली तर फाटका. मुंबईला जाऊन वीस तपासले. चौदा तिथंच ठिवले, सहा आणले."

"जिभेनं! भेळ हाय व्हय रं ती, चव घिऊन बघायला?"

रघूनं चहा गाळता गाळता भर घातली, "उचलली जीभ लावली टाळ्याला ऐकलं हुतं. उचलली जीभ लावली सेन्सरला, हे आजच ऐकतोय."

"हसा," दस्तगीर म्हणाला. "पर माल चांगला हाय."

"माझ्याकडं मीटर हाय, मीटर! काटा डोळ्यांदेखत खाली येतोय."

"नाचता येईना अंगण वाकडं."

आता हे बोलायला नको होतं त्यानं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी म्हणालो, "लाव की मग. लाव जीभ आत्ता, सगळ्यांसमोर. होऊन जाऊ दे."

त्यानं सेन्सर उचलला, नळी धोतराच्या सोग्यानं पुसली, तोंडात धरली, गाल आत ओढले. एक, दोन, तीन मोजेपर्यंत जीभ सुटली. त्यानं परत ओढलं. परत सुटली. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा पलीकडच्या गॅरेजातल्या बंडा सुताराला हसू आवरेना.

दस्तगीरचा चेहरा उतरला. "परवा धरत हुता," तो म्हणाला. "पहिले दोन बी धरत हुते."

मी तिथं थांबायला पाहिजे होतं. माणूस पडला होता, आणखी लाथ मारायची गरज नव्हती. पण माझं तोंड एकदा सुटलं की त्याला ब्रेक नाही, हे माझी बायको लग्नापासून सांगत आली आहे.

"ऐका रं सगळ्यांनी! दस्तगीरचं लोखंड घ्यावं, पडदा घेऊ नये, असं उद्यमनगर उगीच म्हणत न्हाई!"

म्हण खरीच होती. त्याच्याकडनं गिअर घ्या, बेअरिंग घ्या, धुरा घ्या, डोळे मिटून बसवा. पण ज्या भागात पडदा असतो, म्हणजे डायफ्रॅम, पेट्रोल पंप म्हणा, ब्रेकचा बूस्टर म्हणा, तो त्याच्याकडचा हमखास फाटका. वीस वर्षं प्रत्येक मिस्त्री दुसऱ्या मिस्त्रीला ही म्हण सांगत होता. फक्त दस्तगीरला कुणी सांगितली नव्हती.

त्यानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. "असं म्हणतात व्हय?"

आनंदा चपलेनं माती उकरायला लागला.

"बरं," दस्तगीर म्हणाला. "अजून तीन हाईत माझ्याकडं. ते बी गळके निघाले तर भागांचा धंदा बंद. बोर्ड उतरवतो आन् भंगार इकतो, किलोवर. किलोला काय जीभ लागत न्हाई."

तो उठून गेला. मी जिंकलो होतो. रघूनं मला चहा दिला तो मी ऐटीत प्यालो, हे आज सांगायची लाज वाटते.

आता हा सेन्सर काय प्रकार आहे ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल एवढ्याशा डबीसाठी माणसं का भांडतात. माझ्या गॅरेजात तेव्हा डॉक्टर कुमुद चौगुले यांची गाडी होती. एकाहत्तर सालची जर्मन गाडी, दुधी रंगाची, दोन दारांची. बाई तरुणपणी तिकडं शिकायला होत्या, येताना बोटीतनं घेऊन आल्या. तिला कार्बोरेटर नाही. त्या काळी नवीनच निघालेलं विजेवरचं इंजेक्शन. इंजिन हवा किती जोरानं ओढतंय हे मुठीएवढा एक अॅल्युमिनियमचा डबा बघतो आणि त्या हिशेबानं पेट्रोल सोडायला लावतो. तोच हा प्रेशर सेन्सर. आत कागदासारखा पातळ पत्र्याचा पडदा. तो फाटला की डब्याला वाटतं गाडी घाट चढतेय, आणि सपाटीवरसुद्धा पेट्रोल ओततच राहतो. बाईंची गाडी राजारामपुरीच्या एका गल्लीतनं निघाली की पुढच्या गल्लीतल्या बायका दोरीवरचे कपडे काढायच्या, इतका काळा धूर.

नवीन सेन्सर जगात कुठं मिळत नव्हता. म्हणून जुना, आणि म्हणून दस्तगीर.

तपासायची सोय मी झकास केली होती. बाईंचं हॉस्पिटल बंद झालेलं, त्यातलं ऑपरेशनच्या वेळी वापरायचं ओढ घेणारं यंत्र त्यांनी मला आणून दिलं. त्याला काचेचं मीटर. नळी सेन्सरला जोडायची, काटा चारशेवर न्यायचा, कॉक बंद करायचा आणि घड्याळ लावायचं. पाच मिनिटं काटा हलला नाही तर सेन्सर पास. माझ्यासारखी तपासणी पुण्यातसुद्धा कुणी करत नसेल, असं मी बाईंना ऐकवलंही होतं. आणि मी काय आलेला भाग तसाच मळका जोडत नव्हतो. मी गणपत मिस्त्रींच्या हाताखाली तयार झालेला. आनंदा, बंडा, आम्ही सगळे त्यांचेच चेले. मिस्त्रींचा नियम: भाग नवा असू दे, जुना असू दे, आधी आंघोळ. रॉकेलच्या डब्यात बुडवायचा, ब्रशनं घासायचा, हवा मारून खडखडीत करायचा, मग बाकीचं बोलायचं. पारोशानं देवघरात शिरू नये तसा मळका भाग हत्याराला लावू नये, असं ते म्हणायचे. मिस्त्री जाऊन बारा वर्षं झाली होती, पण नियमाला आम्ही धक्का लावला नव्हता.

चौथा सेन्सर दस्तगीरनं दुपारी गड्याकरवी पाठवला. स्वतः आला नाही. मी त्याला आंघोळ घातली, जोडला, काटा चारशेवर नेला, कॉक बंद केला. घड्याळ लावायचीसुद्धा गरज पडली नाही. काटा सरसर खाली. गड्याच्या हातात तो तसाच परत दिला.

मी पाना फेकला. तो भिंतीवरच्या कॅलेंडरला लागला आणि अख्खा ऑगस्ट फाटला. एवढ्या मोठ्या मुंबईत विसातनं सहा निवडून आणतो म्हणतो आणि चारच्या चार फाटके! आंधळ्यानं हात घालून काढले असते तरी एखादा चांगला निघाला असता. मला तर आता संशय यायला लागला की या माणसानं मुंबईला जायचं नाटक केलं आणि शिये फाट्यावरच्या भंगारातनं उचलून आणले. हे मी संध्याकाळी आनंदाला बोललो, आनंदा बंडाला बोलला, आणि बंडाला सांगणं म्हणजे रेडिओला सांगणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दस्तगीर स्वतः आला. हातात पिशवी, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन पुडे आणि परत आलेले चार सेन्सर. दाढी केलेली नव्हती. डॉक्टरीणबाई आधीच येऊन माझ्या स्टुलावर बसल्या होत्या. बाई सत्तरीच्या, बोलायला मोजक्या. रोज येऊन एकच विचारायच्या, "टिपुगडे, आज तरी?" आणि मला ते दोन शब्द शिवीपेक्षा जास्त लागायचे.

"हा पाचवा," दस्तगीर म्हणाला. "बाईंच्या समोर मी आधी तपासणार. मग तू तपास."

"तपास. चाट हवा तेवढा."

"टिपुगडे," बाई म्हणाल्या, "जरा नीट बोला."

दस्तगीरनं पुडा सोडला, नळी तोंडात धरली, गाल आत ओढले, जीभ लावली. आणि हात बाजूला घेतला. सेन्सर त्याच्या ओठावर तसाच लोंबकळत राहिला! तसाच तो माझ्याकडं बघत उभा. अर्धा मिनिट, एक मिनिट. बाईंनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. पन्नाशीचा माणूस, ओठाला डबा लटकलेला, डोळ्यांत पाणी आलेलं. मला हसू येत होतं आणि संतापही येत होता. दीड मिनिटानं त्यानं डबा ओढून काढला, तेव्हा बाटलीचं बूच निघावं तसा आवाज झाला.

"बगितलंस?" तो म्हणाला. जीभ सुजल्यामुळं त्याला नीट बोलता येईना.

"बघितलं. आण हिकडं. सगळी थुंकी लागलीय त्याला."

मी सेन्सर हिसकावून घेतला. रॉकेलमध्ये बुडवला, ब्रशनं घासला, कॉम्प्रेसरच्या पाइपनं नळीतनं फस्सकन हवा मारली, फडक्यानं पुसला आणि यंत्राला जोडला. काटा चारशे. कॉक बंद.

काटा खाली यायला लागला.

आम्ही तिघं त्या काट्याकडं बघत होतो. तीनशे. दोनशे. शंभर. मी म्हणालो, "घे. बाईंच्या साक्षीनं. आता तरी पटलं? का आता मीटर खोटं, बाई खोट्या, सगळं जग खोटं आन् तुझी जीभ तेवढी खरी?"

दस्तगीरनं सहावा पुडा, न सोडताच, परत पिशवीत टाकला. "संपलं," तो म्हणाला. "बोर्ड आजच उतरवतो. बाई, माफ करा. तुमचा वेळ घालवला." आणि दाराकडं निघाला. त्याच्या पाठीकडं बघून माझा राग कमी व्हायला पाहिजे होता. तो वाढला. हा माणूस शेवटपर्यंत चूक कबूल करणार नाही, नुसता बिचारा होऊन जाणार, याचा राग.

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "शिकलगार, थांबा एक मिनिट. टिपुगडे, यांनी तपासलं तेव्हा ते धरत होतं. मी घड्याळ लावलं होतं, पंच्याण्णव सेकंद. तुम्ही तपासलं तेव्हा धरत नाही. मधे काय झालं?"

"मधे काय व्हायचंय?"

"तेच विचारतेय."

"काय न्हाई. धुतला."

"आणि?"

"आणि काय बाई, हवा मारली. सगळेच मारतात."

"किती दाबाची?"

मी कॉम्प्रेसरकडं बघितलं. "आठ किलो."

"आणि गाडीवर असताना इंजिनाकडून याला किती दाब येतो?"

"दाब कुठला येतोय? इंजिन ओढतं की. हा नुसता ओढ सोस..."

फडकं माझ्या हातात होतं, मी तेच घडी घालायला लागलो. उलगडलं, परत घडी घातली. जो पडदा आतल्या बाजूला हलकीशी ओढ सोसायला केलेला, त्याच्यावर मी आतनं ट्रकच्या चाकात भरतात तसली हवा सोडत होतो. एकदा नाही, पाचदा.

"टिपुगडे," बाई हळू म्हणाल्या, "आला तेव्हा जिवंत होता. तुम्ही आंघोळ घालताना गेला."

"असं कसं हुईल?" मी ओरडलो. कुणावर ओरडलो देव जाणे. "तीस वर्षं हेच करत आलोय मी! तीस वर्षं!"

दस्तगीर परत आत आला. पिशवीतनं पहिला सेन्सर काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "काप," तो म्हणाला.

मी तो व्हाइसमध्ये धरून कापला. पडदा काठाला फाटलेला आणि फुगून बाहेरच्या बाजूला वळलेला. दुसरा कापला. तसाच. तिसरा, चौथा, पाचवा. सगळे एकाच जागी फाटलेले, सगळे बाहेर वळलेले. जुनेपणानं फाटले असते तर एक इथं, एक तिथं फाटला असता. हे एकाच हाताचं काम होतं, आणि तो हात व्हाइसच्या दांड्यावर होता.

दस्तगीर ते पाच तुकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा मला चार शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन घातल्या असत्या आणि मिटलं असतं. पण त्यानं सहावा पुडा सोडला, नळी तोंडात धरली, जीभ चिकटली हे बघितलं, आणि म्हणाला, "हात लावायचा न्हाई. मी बसवतो. तू फकस्त सांग, कुठं."

आधी यंत्राला त्यानंच जोडला. न धुता, वर मुंबईची धूळ तशीच. चारशे. कॉक बंद. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काटा जागचा हलला नाही. मग मी बॉनेटपाशी उभा राहून सांगत होतो, "तो पाइप, तो न्हाई, त्याच्या शेजारचा," आणि दस्तगीर बसवत होता. माझ्या स्वतःच्या गॅरेजात, माझ्या गिऱ्हाइकाच्या गाडीला, मला हात लावायची परवानगी नव्हती.

बाईंनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या खेपेला सुरू झाली. मागं जाऊन मी सायलेन्सरवर पांढरं फडकं धरलं. फडकं पांढरंच राहिलं. बाईंनी काच खाली करून "थँक यू, शिकलगार," असं म्हटलं. माझ्याकडं बघून नुसती मान हलवली आणि गेल्या.

दस्तगीर हात पुसत होता. मी म्हणालो, "झालं गेलं गंगेला मिळालं, काय?"

"व्हय की," तो म्हणाला, आणि रिकामी पिशवी घडी घालून काखेत मारून गेला.

मला खरंच वाटलं, मिळालं गंगेला. अकरा वाजले होते. मी टपरीवर गेलो तर तिथं माझं स्वागतच झालं. बाईंची गाडी आत्ताच समोरून गेली होती, धुराशिवाय, आणि सगळ्यांनी ती बघितली होती.

"जिंकलास की विलासराव!" आनंदा म्हणाला. "नाद करायचा न्हाई! शेवटी सहातला एक तरी खरा निघाला म्हणायचा दस्तगीरचाचाचा."

"कोंबडी आंधळी असली तरी एखादा दाणा घावतोच," बंडा म्हणाला.

दस्तगीर बाकड्याच्या टोकाला बसलेला होता. आज त्याच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. तो चहाकडं बघत होता. मला एक गोष्ट अगदी लख्ख कळली की हा माणूस सांगणार नाही. मी गप्प बसलो तर कुणालाच कधी कळणार नाही. बाई असल्या टपरीवर थोड्याच येणार होत्या? आणि मी सांगितलं तर? ज्याच्याकडं लोक इचलकरंजीहून, निपाणीहून गाड्या घेऊन येतात, त्यानं पाच सेन्सर स्वतःच्या हातानं फोडले, हे संध्याकाळपर्यंत बंडा निपाणीला पोचवणार.

रघूनं ग्लास पुढं केला. "घ्या विलासराव. आजचा माझ्याकडनं."

बाकी वेळी नको तिथं सुटणारं माझं तोंड तेव्हा मात्र गच्च बसलं होतं. च्या आयला, एवढं साधं वाक्य आणि ते घशात अडकावं? मला माझाच इतका वैताग आला की मी तो ग्लास परत रघूच्या पुढ्यात आदळला.

"एक न्हाई," मी म्हणालो. "सहाच्या सहा खरे हुते."

"आँ?"

"सहाच्या सहा! पाच मी मारले. कॉम्प्रेसरनं हवा मारून फोडले पडदे. त्याचा माल चांगला हुता. त्याची जीभ खरी हुती, माझं मीटर बी खरं हुतं, नालायक फकस्त मी हुतो. काल जे मी हितं बोललो ते सगळं चूक. काय हसायचं ते हसून घ्या."

ते हसलेच. रघू तर गाळणी हातात धरून वाकला. "गणपत मिस्त्रीचा पठ्ठ्या! आंघोळ घालून मारला! आनंदा मर्डर म्हणत हुता ते खरंच की!" बंडाला खोकला लागेपर्यंत हसू आलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. कान तापले होते.

हसणं थांबलं ते आनंदापासून.

"विलास," त्यानं विचारलं, "पेट्रोल पंपाचा पडदा पण फाटतोय व्हय रं हवेनं?"

"आठ किलोच्या हवेनं? माझ्या कानाचा बी फाटंल."

आनंदानं ग्लास खाली ठेवला. "गेल्या श्रावणात मी चाचाला दोन पंप परत दिलते. फाटके म्हणून."

"धुतलतास?"

"म्हंजे? धुतल्याबिगर बसवीन व्हय?"

बंडाचा खोकला थांबला. "माझा ब्रेकचा बूस्टर," तो म्हणाला. मागं उभा असलेला एक टेम्पोवाला मिस्त्री बोटं मोजायला लागला, आणि चौथ्या बोटावर थांबून त्यानं हात खिशात घातला. सगळे गणपत मिस्त्रींचे चेले. सगळ्यांच्या गॅरेजात रॉकेलचा डबा आणि कॉम्प्रेसर शेजारी शेजारी.

आता कुणी दस्तगीरकडं बघेना. शेवटी आनंदानंच त्याच्याजवळ जाऊन, उकिडवं बसून म्हटलं, "चाचा, बोर्ड उतरवू नगा."

"बोर्ड ऱ्हाईल की," दस्तगीर म्हणाला. "बोर्डाचं काय न्हाई." जीभ अजून सुजलेली होती, त्यामुळं तो सावकाश बोलत होता. "पर आनंदा, तुम्ही लोक परत आणून द्यायचा, मी परत जीभ लावून बघायचो. धरायची न्हाई. मला वाटायचं, देताना माझंच चुकलं असंल. मी काय मिस्त्री न्हवं, धारवाल्याचा पोरगा. पुढच्या टायमाला आणखी नीट बघायचो. दोनदा, तीनदा बघायचो. तरी तुम्ही परत आणायचा."

"चाचा..."

"वीस वर्षं जीभ बरोबर सांगत हुती रं," तो म्हणाला. "आन् मी तुमचं ऐकत बसलो."